फेरीवाल्याचा प्रवेश

या प्रकरणात दोन तिथी आहेत आणि चार व्यक्ती. पहिली तिथी भाद्रपद शुद्ध षष्ठी. त्या संध्याकाळी, मलायी मुलखाच्या टोकाशी असलेल्या या बेटावर, सेंबावांगच्या गोदीवसाहतीत माझ्या वडिलांनी आयुष्यातली पहिली आणि शेवटची भूमिका केली. वर्ष मुद्दाम लिहीत नाही. वर्ष दिले की वाचक बोटांवर मोजून माझे वय काढतात आणि पुढचा सगळा मजकूर त्या वयाच्या खाती टाकून मोकळे होतात. दुसरी तिथी गेल्या चैत्रातल्या एका शनिवारची. त्या दिवशी पाया लेबार येथील एका सभागृहात एका चित्रपट मंडळाने एक जुना ब्रिटिश ग्रामीण विनोदी चित्रपट दाखवला, आणि त्यातला एक प्रवेश दाखवला नाही. आता व्यक्ती. क्रमांक एक, त्या चित्रपटाची नवी प्रत तयार करताना तो प्रवेश कापणारा वितरक. क्रमांक दोन, त्या मंडळाच्या संयोजिका मधुरा. हे त्यांचे खरे नाव नव्हे, परंतु त्या वाचतील तेव्हा ओळखतील. क्रमांक तीन, कै. दामूकाका, ज्यांनी हाच प्रवेश फार पूर्वी, निराळ्या कारणाने, कापण्याचा प्रयत्न केला; त्यांना मी या प्रकरणाच्या ओघात दोषमुक्त करणार आहे. क्रमांक चार, हॉलिस साहेब. त्यांच्यावर आरोप नाही. ते साक्षीदार आहेत. चित्रपटाचे नाव मी देत नाही. नाव दिले की लोक चित्रपटाविषयी बोलू लागतात आणि प्रश्न बाजूला पडतो.

माझे आयुष्य जहाजांच्या विम्याचे दावे तपासण्यात गेले. बुडालेल्या मालाविषयी दोन माणसे दोन गोष्टी सांगतात, आणि तिसऱ्याने पुरावा मागायचा असतो, ही माझी शाळा. म्हणून आधी पुरावा मांडतो. तो पुरावा म्हणजे आमचे घर.

बाबा इंग्रजांच्या आरमारी गोदीत ड्राफ्ट्समन होते. अलिबागकडून आलेला, कमी बोलणारा, अत्यंत नीटनेटका माणूस. रोज ड्रॉइंगच्या फळ्यापुढे बसण्यापूर्वी ते शर्टाच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारख्या घड्या घालून दुमडत, आणि घरीही जेवायला बसताना तसेच करीत. जणू भात-आमटीचाही नकाशा काढायचा आहे. वसाहतीत आमच्या एका बाजूला नायर कुटुंब, दुसऱ्या बाजूला एक चिनी फिटर, आणि मागच्या ओळीत मलायी बोटवाले. पहाटे गोदीचा भोंगा, त्यामागोमाग दूरच्या मशिदीची बांग, मग नायरांच्या घरचा रेडिओ, मग झाडांवरच्या साळुंक्यांचा गोंगाट, आणि या सगळ्याच्या खाली, जमिनीतून आल्यासारखा, आईच्या नारळ खवण्याचा आवाज. नारळाला तोटा नव्हता. तोटा आमसुलांचा होता. गावाहून कोणी येणारे असले तरच आमसुले येत. पण मलायी बायका माशाच्या कालवणात जी वाळलेली आंबट चकती टाकतात ती आईने एकदा शेजारणीच्या हातातून घेतली, वास घेतला, जिभेला लावली आणि म्हणाली, "ही आमसुलाची मावसबहीण आहे." त्या दिवसापासून आमच्या आमटीत ती चकती पडू लागली. गणपतीच्या मोदकांत इथला ताडगूळ पडे, गुला मलाका, आणि सारण काळपट होई. पहिल्या वर्षी बाबा सारणाकडे जरा वेळ पाहत राहिले. आई म्हणाली, "अहो, देवाला चालतंय. त्यानं डोळे मिटून खाल्लं." बाबांनीही खाल्ले.

माझी नात तारा इथेच वाढली. तिला मी हे सांगतो तेव्हा ती, इथली पोरे वाक्याच्या शेवटी 'लाह' लावतात तशी, म्हणते, "आजोबा, फ्यूजन लाह." मी तिला सांगतो, फ्यूजन नव्हे, संसार. ज्याच्यापाशी जे असते त्यातून जे करतात त्याला आमच्या काळी संसार म्हणत.

वसाहतीत मराठी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, पण गणपती बसला की आम्ही नाटक करीत असू. न करून चालणारच नव्हते. मराठी माणसे दोन असली तरी त्यांतला एक दिग्दर्शक असतो. आमचे दिग्दर्शक दामूकाका, गोदीच्या कोठारात कारकून, आवाज मात्र किल्लेदाराचा. छापील नाटके मुंबईहून मागवायची तर महिने लागत, आणि आलेल्या नाटकात पात्रे तरी जास्त असत किंवा बायका तरी. म्हणून दामूकाकांनी एक पद्धत बसवली होती, जिच्यासारखी पद्धत मी पुढे कोठेही पाहिली नाही. गोदीच्या मैदानावर पांढरा कापडी पडदा ताणून इंग्रजी चित्रपट दाखवत. पुढे खुर्च्यांवर साहेबलोक, मागे चटयांवर आम्ही सगळे. चांगला विनोदी चित्रपट आला की दामूकाका त्याचे तुकडे करून घराघरांत वाटून देत. सुरुवातीचा भाग कोणाकडे, भांडणाचा भाग कोणाकडे, शेवट कोणाकडे. चित्रपट पुन्हा लागला की प्रत्येक घराने आपला तुकडा तेवढा कान देऊन ऐकायचा, आणि दुसऱ्या दिवशी दामूकाकांच्या ओसरीवर येऊन पाठ म्हणून दाखवायचा. ज्यांना इंग्रजी कमी येत असे ते हावभाव करून दाखवत. त्यातून दामूकाका मराठी नाटक उभे करीत. आईचे इंग्रजी वाचनापुरते होते, पण कान असा की नायरांच्या रेडिओवरची मल्याळी गाणी ती अर्थ न कळता सुरात म्हणत असे.

त्या वर्षीचा चित्रपट खेडेगावाचा होता. इंग्लंडातले हिरवेगार खेडे, एक पाद्री, एक जमीनदारीणबाई, बक्षिसाची डुकरीण, फुलांचे प्रदर्शन आणि एक चिडखोर हंस. त्या खेड्यात मध्येच एक फेरीवाला येतो. डोक्याला भलेमोठे पागोटे, खांद्यावर कापडाचे गाठोडे, तोंड डांबरासारखे रंगवलेले. तो इंग्रज नट होता. मान डुगडुगवत तो काहीतरी अगडम्-बगडम् बोलतो, बाई किंचाळते, हंस त्याच्या मागे लागतो आणि पाद्री घाईघाईत त्याला तळ्यात ढकलून देतो. पुढच्या खुर्च्यांवर मान डुगडुगताच हशा पिकला. आम्ही मागे गप्प होतो. रागाने नव्हे, कोण आहे हा, हे कळेना म्हणून. मग तो तळ्यात पडला आणि वाचवा म्हणून त्याने हात वर केला. बाही सरकून खांद्यापर्यंत गेली. हात मुळ्यासारखा पांढरा! रंग मनगटापाशी संपलेला. आणि मग मागच्या चटया हसल्या. नायर हसले, फिटर हसला, बोटवाले एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले, आईने पदर तोंडात धरला. आमचा हशा ओसरेना, आणि पुढच्या खुर्च्यांवरची माणसे माना मागे वळवून पाहू लागली की आता हसण्यासारखे काय झाले?

हा हशा मी माझ्या पुराव्यातील मुख्य वस्तू म्हणून नोंदवतो. त्या चित्रपटाने आम्हाला पडद्यावर जागा दिली नव्हती. पडद्यासमोर मात्र आम्ही होतो, आणि जे चित्रपट बनवणाऱ्यांना दिसले नाही, तपासणाऱ्यांना दिसले नाही, पुढच्या रांगेला दिसले नाही, ते आम्हाला चटईवरून दिसले. हे प्रतिनिधित्व नसेल, पण ही साक्ष आहे, आणि साक्ष ही प्रतिनिधित्वापेक्षा हलकी गोष्ट नव्हे.

दामूकाकांनी तुकडे वाटले तेव्हा फेरीवाल्याचा तुकडा आमच्या घराकडे आला. चित्रपट पुन्हा लागला, आई कान देऊन ऐकून आली, आणि दुसऱ्या दिवशी ओसरीवर सगळ्यांनी आपापले भाग म्हटल्यावर तिची पाळी आली. ती म्हणाली, "माझी पाटी कोरी आहे."

"का वहिनी? झोप लागली का?" दामूकाकांनी विचारले.

"झोप कसली! माझ्या वाट्याला आलेला माणूस बोलतच नाही. नुसते आवाज काढतो. पाठ काय करू?"

"मग आवाज पाठ करा."

"ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. अहो, तो गावोगाव कापड विकतो ना? विकणारा माणूस असा असतो? दारात आला की आधी गोड बोलतो. आमच्या आळीत यायचा तो कापडवाला, आईला काय, आजीलासुद्धा भुलवून लुगडं घ्यायला लावायचा. भाषणच मी लिहिते त्याचं."

लोक हसले, पण तिने लिहिले. पोळ्या लाटता लाटता ती ओळी रचत असे आणि पोळी तव्यावर टाकताना मोठ्याने म्हणून पाहत असे. दामूकाकांनी दुसरी एक युक्ती काढली. एरवी इंग्रजी विनोदाचे रूपांतर करताना इंग्लंडचे कोकण करायचे आणि पाद्रीबुवांचे भटजी करायचे, अशी रीत. दामूकाका म्हणाले, या वेळी खेडे इंग्लंडचेच ठेवायचे. आपण इंग्रज व्हायचे. सगळ्यांनी तोंडाला पांढरी पावडर फासायची, मनगटापासून खाली मात्र आपापले रंग तसेच ठेवायचे. फक्त फेरीवाला बिनरंगाचा येईल. त्या भूमिकेसाठी मोठा आवाज नको, खरा चेहरा हवा, म्हणून त्यांनी बाबांना गाठले. बाबा नाही म्हणायलाही जास्त शब्द खर्च करीत नसत. त्यामुळे त्यांचा नकार कोणाला कळलाच नाही. पाद्री मी होतो. म्हणजे बाबांना तळ्यात ढकलणे माझ्याकडे आले.

तालमी रंगात आल्या होत्या आणि तेवढ्यात दामूकाका एका संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्याने आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हॉलिस साहेबांनी प्रमुख पाहुणे म्हणून यायचे कबूल केले होते. हे वाचणाऱ्यांपैकी तरुणांना त्याचा अर्थ कळणार नाही, म्हणून सांगतो. इंग्रज जायचे ठरले होते. गोदी नव्या व्यवस्थेच्या हाती जायची होती, आणि कोणाला ठेवावे याची शिफारस आपापल्या विभागातून साहेब करणार होते. बाबांच्या विभागाचे साहेब हॉलिस. शिफारस झाली तर नोकरी राहणार, नोकरी राहिली तर या बेटावर राहायला मिळणार. नाही झाली तर सामान बांधायचे. माझी शाळेची शेवटची परीक्षा तोंडावर होती आणि मला इथेच राहायचे होते. भूगोलाच्या पुस्तकाबाहेरचा भारत मी पाहिलेला नव्हता.

"फेरीवाला काढतो," दामूकाका म्हणाले. "बाकी नाटक आहेच. डुकरीण आहे, भांडण आहे. साहेबाच्या समोर त्यांच्याच सिनेमाची फजिती नको. आणि ती करणारा कोण, तर त्याच्याच हाताखालचा माणूस! वहिनी, तुमच्या पोटावर पाय येईल हो."

बाबा बाह्या दुमडून पाटावर बसले होते. ते म्हणाले, "दामू म्हणतो ते बरोबर आहे."

आई आमटी ढवळत होती. तिने पळी खाली ठेवली नाही, वळलीही नाही. "साहेब पाहुणा म्हणून येतोय ना?"

"हो."

"आपण पाहुण्याला जेवायला बोलावतो तेव्हा त्याला तिखट लागेल म्हणून आमटीच करायची नाही, असं कधी केलंय? आमटी करायची. त्याच्या भातावर तूप जास्त घालायचं."

"वहिनी, हे जेवण नाही."

"मग काय आहे? देवापुढचं नाटक आहे. भावजी, त्यांच्या सिनेमात आपला माणूस आला आणि त्याला बोलता आलं नाही. आता आपल्या नाटकात तो येतोय, तर तुम्ही म्हणता येऊच नको. मग त्यानं बोलायचं कुठे?" आणि मग ती बाबांकडे वळली. "तुम्ही नाही म्हणालात तर मी काही म्हणणार नाही. पण साहेबासाठी नाही म्हणू नका. बोलायला लाज वाटते म्हणून नाही म्हणा, मी समजेन."

भात वाढला गेला होता, त्यावरची वाफ विरली. मग बाबा मला म्हणाले, "पाद्रीबुवा, ढकलताना दोन्ही हातांनी ढकल. तालमीत तू एका हातानं ढकलतोस. बापाला ढकलतोयस असं दिसतं."

दामूकाका खाली बसले आणि म्हणाले, "मलाही थोडी आमटी वाढा." येथे मी कै. दामूकाकांना दोषमुक्त करतो. त्यांनी प्रवेश कापायचे ठरवले ते भीतीने, आणि भीती आमच्यासाठी होती. शिवाय ते घरी आले, समोर उभे राहिले, कारण सांगितले आणि उलट उत्तर ऐकून घेतले. क्रमांक एक व दोन यांनी यांपैकी काहीही केलेले नाही.

षष्ठीच्या संध्याकाळी मैदानावर मांडव होता. पुढे खुर्च्यांवर हॉलिस साहेब आणि त्यांच्या मॅडम, मागे चटया, आणि चटयांवर आमच्या घरांपेक्षा कितीतरी जास्त माणसे. मराठीचा गंध नसलेले नायर, फिटर, बोटवाले, सगळे मुलाबाळांसकट. त्यांना चित्रपट माहीत होता. आम्ही पांढऱ्या तोंडांनी आणि सावळ्या हातांनी रंगमंचावर आलो तशी मागे खसखस सुरू झाली. जमीनदारीणबाईंनी चहाचा कप उचलला आणि हात दिसला, तेव्हा ती वाढली. पुढच्या रांगेत साहेब सभ्यपणे हसत होते, जसे परक्याच्या देवळात माणूस सभ्यपणे हात जोडतो.

मग बाबा आले. पागोटे साधे, घरच्या पंच्याचे. सदरा लांब बाह्यांचा. गाठोडे आईच्या लुगड्यांचे. रंगमंचाच्या मध्यावर येऊन ते थांबले आणि मला वाटले, झाले. आता हे काही बोलणार नाहीत. तेवढ्यात त्यांनी गाठोडे खाली ठेवले, गाठ सोडली आणि खणखणीत आवाजात सुरू केले. "या बाई, बघा बाई, इरकल बघा, खण बघा, काठपदर उलगडून बघा! लेकीला बघा, सुनेला बघा, स्वतःसाठी आधी बघा! हात लावायला पैसे नाहीत, नापसंत करायला पैसे नाहीत! बर्फाचा देश तुमचा, रंग कुठून येणार? रंग मी आणलाय बाई, उन्हातून आणलाय, पाठीवरून आणलाय! घेतलंत तर आनंद आहे, न घेतलंत तर ऊन फार झालंय, निदान पाणी तरी द्या!" हा माणूस, जो घरी मीठ हवे असले तरी मिठाच्या वाडग्याकडे नुसते पाहत असे! मी पाद्री आहे हे विसरून मी ऐकत राहिलो. विंगेतून आईने हळूच हाक मारली, "पाणी मागतायत ते!" मी भानावर आलो, म्हणालो, "पाणी? हे घे पाणी!" आणि दोन्ही हातांनी ढकलले.

तळे म्हणजे निळ्या ताडपत्रीचा खड्डा होता. बाबा त्यात पडले. क्षणभर काहीच दिसले नाही. मग एक हात वर आला. बाही सरकली. मागच्या चटया श्वास रोखून होत्या. हात सावळा होता. मनगटापासून खांद्यापर्यंत एकसारखा सावळा. बाबा उठून उभे राहिले, त्यांनी त्या हाताकडे पाहिले, मग पुढच्या रांगेकडे पाहिले, आणि अगदी सावकाश, सारख्या घड्या घालत, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. गोदीत दररोज दुमडत तशा. विभागातल्या प्रत्येक माणसाने ते हात फळ्यावर चालताना पाहिले होते. मांडव कोसळतो की काय असा हशा झाला. मॅडम मोठ्याने इंग्रजीत म्हणाल्या, "पण यात हसण्यासारखं काय आहे?" साहेबांनी वाकून त्यांच्या कानात काही सांगितले. मॅडमनी हात तोंडावर ठेवला आणि मग त्या इतक्या हसल्या की त्यांना रुमाल काढावा लागला. साहेब हसले नाहीत. ते बाबांच्या हातांकडे पाहत होते.

खेळानंतर साहेब रंगमंचामागे आले. बाबा टॉवेलने डोके पुसत होते. साहेब इंग्रजीत म्हणाले, "तो चित्रपट मी दोनदा पाहिला आहे. तो हात माझ्या लक्षात आला नव्हता." बाबा म्हणाले, "आमच्या आला होता, सर." आईने मोदक पुढे केला, फोडला आणि त्यावर तुपाची धार सोडली. जरा जास्तच सोडली. साहेबांनी तो उभ्याउभ्या, बोटे चाटत खाल्ला.

बाबांची शिफारस झाली नाही. त्या नाटकामुळे झाली नाही असे मी म्हणणार नाही, कारण त्याला पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय आरोप करणे मला आयुष्यात मंजूर नव्हते. शिफारस न झालेल्यांत नाटक न पाहिलेली माणसेही होती. भोंगा वाजायचा आणि बाबा घरी असायचे, असे दिवस आम्ही काढले. आमटी पातळ झाली. मग एका खाजगी जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात त्यांना काम मिळाले, पगार कमी, पण फळा त्यांचा स्वतःचा. आम्ही राहिलो. त्या पातळ आमटीच्या दिवसांतही आईने दामूकाकांना "तुमचं ऐकलं असतं तर" असे एकदाही म्हटले नाही, आणि बाबांनी आईला "तुझं ऐकलं नसतं तर" असे म्हटले नाही. उलट बाबा कधीमधी जेवताना मध्येच थांबत आणि म्हणत, "निदान पाणी तरी द्या," आणि आई तांब्या पुढे सरकवताना हसू लपवत असे. मी पुष्कळ मोठी माणसे पाहिली. न्यायालयांत पाहिली, जहाजांवर पाहिली. त्या दोघांएवढे ताठ बसून जेवणारे कोणी पाहिले नाही.

आता चैत्रातला शनिवार. चांगी बिझनेस पार्कमध्ये काम करणाऱ्या काही मराठी तरुणांनी चित्रपट मंडळ काढले आहे, ही चांगलीच गोष्ट. त्यांनी हाच चित्रपट नव्या प्रतीत आणला, आणि विषय ठेवला जुन्या विनोदी चित्रपटांतली विविधता आणि प्रतिनिधित्व. मी ताराला घेऊन गेलो. तिला म्हणालो, तुझ्या पणजोबांना ज्या चित्रपटाने नट केले तो दाखवतो. खेडे आले, डुकरीण आली, हंस आला. मी ताराचा हात धरला. हंस धावला, आणि पुढच्या क्षणी सगळे लॉनवर चहा पीत होते. फेरीवाला नाही, तळे नाही, हात नाही. दिवे लागल्यावर मधुरा बोलायला उभ्या राहिल्या. हुशार मुलगी आहे, स्वच्छ बोलते. त्यांनी सांगितले की, या संपूर्ण चित्रपटात आशियाई वंशाचे एकही पात्र नाही, आणि यावरून त्या काळाची दृष्टी दिसते.

मी उभा राहिलो. तारा माझी बाही ओढत म्हणाली, "आजोबा, सिट डाउन लाह, सगळे बघतायत."

मी म्हणालो, "पात्र आहे. आपण कापले आहे."

"काका, आम्ही नाही हो," मधुरा म्हणाल्या. "नवीन प्रिंटमध्येच तो सीन नाहीये. पण खरं सांगू का, असता तरी आम्ही स्किप केला असता. फार ऑफेन्सिव्ह आहे."

"आपण पाहिला आहे?"

"पाहिला नाही, पण वाचलंय ना त्याच्याबद्दल. ब्राऊनफेस आहे. आपल्या लोकांना किती हर्ट होईल."

"आपले लोक त्या प्रवेशाला हसत होते."

"तेच तर वाईट आहे ना काका! त्यांना कळत नव्हतं." त्यांनी हे प्रेमाने म्हटले, आजारी माणसाला उशी सारखी करून द्यावी तसे, आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

परतताना आम्ही एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसलो. तारा म्हणाली, "सो, व्हॉट वॉज इन इट?" मी तिला सांगितले, जे वर लिहिले आहे ते सगळे, मराठीत, थांबत थांबत. तिचे स्टेशन गेले, माझे स्टेशन गेले. गाडी शेवटच्या स्टेशनात जाऊन उलट निघाली, तरी आम्ही उतरलो नाही. शेवटी ती एवढेच म्हणाली, "देन दे शुडन्ट कट, व्हॉट." माझ्या नंतरच्या पत्रांपेक्षा हा अर्ज थोडक्यात आणि नेमका आहे. मी वितरकाला लिहिले. माझा अभिप्राय मोलाचा आहे, असे उत्तर आले. मंडळाला लिहिले, माझ्या भावना समजू शकतो, असे उत्तर आले. मी भावना कळवल्या नव्हत्या. मी वस्तुस्थिती कळवली होती.

तेव्हा ही मागणी जाहीरपणे करतो. तो प्रवेश अपमानकारक आहे हे मला मान्य आहे. त्यात वाद नाही. त्याच्या आधी कडक शब्दांत निवेदन करा, नंतर चर्चा करा, हवे तर माझ्यासारख्याला समोर बसवून उलटतपासणी घ्या. पण ज्याने अपमान केला त्याच्या गुन्ह्याची खूण पुसायची, मग चित्रपटात आम्ही नव्हतोच म्हणून त्याच चित्रपटाला दोष द्यायचा, आणि आम्ही हसलो तर कळत नव्हते म्हणून हसलो असे ठरवायचे, याला माझ्या व्यवसायात पुरावा नष्ट करणे म्हणतात. चटईवरच्या त्या माणसांना सगळे कळत होते. माझ्या आईला कळत होते. तिने त्या मुक्या माणसाला भाषण दिले. माझ्या वडिलांना कळत होते. त्यांनी ते आपल्या साहेबासमोर म्हटले आणि त्याची किंमत विचारली नाही. मधुराबाई, आणि आपल्यामागे असलेले वितरक महाशय, मला खाजगी पत्र नको, फोन नको, कॉफीचे आमंत्रण नको. आपल्या पुढच्या खेळाच्या आधी, भरल्या सभागृहात उभे राहून एका प्रश्नाचे उत्तर द्या: आमच्या वतीने दुखावले जाण्याचे वकीलपत्र आपल्याला कोणी, कधी, कोणाच्या सहीने दिले? असेल तर सादर करा. नसेल तर तो प्रवेश दाखवा.